उसवून पाहायचं

सीताबर्डीच्या गल्लीत, जिन्याखाली माझं दुकान.
पारा सेहेचाळीस. कूलरची टाकी
तासाला एक बादली पिते
आणि वाळ्याचा वास तेवढा मागे ठेवते.

तीनला लाइन गेली.
साडेतीनला तृणाली ढेंगरे आली, लॅपटॉप छातीशी धरून.
बॅटरी केव्हाची मेलेली, वायरवरच चालायचा तो.
‘ताई, चाळीस पानं. सेव्ह करायचंच राहून गेलं.
थोडंसं तरी वापस येईन ना?’

तिला काय सांगू.
रॅममध्ये कोट्यवधी खळगे,
प्रत्येकात चिमूटभर वीज,
आणि एकूण एक खळगा गळका.
सेकंदाला पंधरा-सोळा वेळा कुणीतरी फेरी मारतं,
उतरलेलं पुन्हा काठापर्यंत भरतं.
फेरी थांबली की संपलं.
गारठ्यात जरा रेंगाळते म्हणे ती वीज.
नागपुरात, मे महिन्यात,
ती कशाला रेंगाळते?

त्यातच गुल्हाने साहेब. जुना डबा विकायचाय.
‘सगळं उडवलं बरं, फॉरमॅटही मारला.’
मी म्हटलं, साहेब, डिस्क अशी विसरत नाही.
तुम्ही फक्त अनुक्रमणिका फाडली.
धडे जिथल्या तिथे आहेत,
त्या जागी दुसरं कुणी राहायला येईपर्यंत.
साहेबांनी घाम पुसला.
तो उकाड्याचाच होता असं नाही.

तृणाली ऐकत होती.
‘म्हणजे मी लिहून मिटवलं असतं, तर सापडलं असतं?’
हो बाई.

काउंटरच्या काचेखाली एक चौकट आहे माझ्याकडे,
लोखंडी पुलाजवळच्या भंगारातून किलोवर घेतलेली.
तळहाताएवढी. चौसष्ट तारा उभ्या, चौसष्ट आडव्या,
प्रत्येक छेदावर खसखशीएवढा काळा मणी.
एके काळी हीच मेमरी. बाया हातानं ओवायच्या.
अर्धा करंट उभ्या तारेतून, अर्धा आडव्या,
जिथं दोन्ही भेटतील तोच मणी फिरणार,
बाकीचे जागचे हलणार नाहीत.

माझ्या बापानं तांडापेठेत चाळीस वर्षं माग चालवला.
त्यानं चौकट उजेडात धरली:
‘हे त कोष्ट्याचं काम व्हय.
हा ताणा, हा बाणा. अन् ही तिरपी तार काहून?’
ती ऐकायची तार, बाबा.
मणी वाचायचा तर उलटवून बघावा लागतो,
उलटला तर ही तार शहारते.
पण उलटला की त्यात होतं ते गेलं,
म्हणून वाचल्याबरोबर परत लिहायचं.
बाप बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ‘म्हंजे उसवून पाहायचं,
न पाहिलं का परत विणायचं.’

हे मी पुष्कळ गिऱ्हाइकांना सांगितलंय.
पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाप स्टुलावर बसलेला होता.
हल्ली तो दारात उभा असतो,
चष्मा कपाळावर.
स्टूल कधी गेलं, कळलं नाही.
आज तृणालीला सांगताना त्याच्या खांद्यावर
हिरवा पंचा आला.
असेलही.

पाचला लाइन आली.
माझ्या मशीननं आधी आपलं नाव सांगितलं,
मग स्वतःची मेमरी मोजली.
तेवढं कारखान्यातूनच भरून दिलेलं असतं,
अंधारात जपायला त्याला वीज लागत नाही.

खुर्ची पुढे सरकवली.
‘पहिलं पान आठवते का?’
‘तसंच्या तसं नाही.’
‘तसंच्या तसं कोण मागते बे?’

ती हसली, बसली.
ओळ लिही, कंट्रोल-एस.
ओळ लिही, कंट्रोल-एस.
तिसऱ्या ओळीला थांबून तिनं एक शब्द बदलला.

मी बादली उचलली,
कूलर भरायला गेले.